समजून घ्या : मेक्सिकोतल्या ‘सिनोटे’त उडी मारतात, मग मेळघाटातल्या डोहात का नाही?

निळंशार पाणी, वरून उतरणारा उन्हाचा झोत, लोंबणाऱ्या मुळ्या आणि त्यात उडी मारणारं एखादं जोडपं. मेक्सिकोतल्या युकातान भागातल्या या रील्स गेली काही वर्षं सगळ्यांच्या मोबाइलवर फिरत आहेत. सकाळी मायांचा पिरॅमिड, दुपारी स्पॅनिशांनी वसवलेलं रंगीत शहर आणि संध्याकाळी ‘सिनोटे’ नावाच्या नैसर्गिक कुंडात पोहणं, असा तिथल्या सहलीचा ठरलेला साचा आहे.

पावसाळा सुरू झाला की याच रील्सच्या चालीवर आपल्याकडच्या रील्स येतात. चिखलदऱ्याचा एखादा धबधबा, खालचं कुंड, मागे तेच संगीत आणि ‘विदर्भाचं मेक्सिको’ अशी ओळ. त्यानंतर काही दिवसांत दुसरी बातमी येते, ती रील नसते. डिजिटल डेस्कवर काम करताना जुलै ते सप्टेंबर या तीन महिन्यांत ‘डोहात बुडून मृत्यू’ हे शब्द इतक्या वेळा टाइप होतात की कीबोर्डच पुढचा शब्द सुचवू लागतो.

गंमत अशी की तुलना अगदीच चुकीची नाही. जुने अवशेष, परक्यांनी वसवलेली गावं आणि नैसर्गिक कुंडं या तिन्ही गोष्टी अमरावती-अकोल्याच्या शंभर-दीडशे किलोमीटरच्या टापूत खरोखर आहेत. युकातानला जायला व्हिसा आणि काही लाख रुपये लागतात. इथे एसटी आणि दोन दिवस पुरतात. मात्र एका बाबतीत आपली जमीन त्यांच्याहून पूर्ण वेगळी आहे आणि नेमक्या त्याच बाबतीत जीव जातो. ती बाब म्हणजे खडक.

सिनोटे म्हणजे नेमकं काय?

युकातान हा चुनखडीचा सपाट पठारी प्रदेश आहे. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्लयुक्त होतं आणि चुनखडी हळूहळू विरघळवतं. हजारो वर्षं हे चाललं की जमिनीखाली गुहांचं जाळं तयार होतं. एखाद्या गुहेचं छत कोसळलं की वरून विहिरीसारखं भगदाड दिसतं आणि खाली भूजल उघडं पडतं. तोच सिनोटे. हा शब्द माया भाषेतल्या ‘त्सोनोत’वरून स्पॅनिशांनी घेतला.

उत्तर युकातानात जमिनीवरून वाहणारी नदी जवळपास नाहीच. सगळं पाणी खाली. म्हणून मायांची नगरं पाण्याच्या या तोंडांभोवती वाढली. चिचेन इत्झा या जगप्रसिद्ध नगराच्या नावाचा अर्थच ‘इत्झा लोकांच्या विहिरीचं तोंड’ असा आहे. तिथल्या पवित्र सिनोटेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला गाळ उपसला तेव्हा सोनं, जेड आणि माणसांची हाडं निघाली. त्या कुंडात आजही कुणाला पोहू देत नाहीत, हे रीलवाले सांगत नाहीत.

आता पाण्याचा स्वभाव पाहा. सिनोटेतलं पाणी हे भूजल आहे. ते खडकातून गाळून आलेलं असतं, म्हणून नितळ. उघड्या सिनोटेच्या पृष्ठभागावर ओढ फारशी नसते. दूर कुठे पाऊस पडला म्हणून पाच मिनिटांत पातळी छातीपर्यंत चढली, असं तिथे सहसा होत नाही. शिवाय पर्यटकांसाठी उघडलेल्या बहुतेक सिनोटेंमध्ये तिकीट, लाकडी जिना, पाण्यावर ताणलेले दोर आणि लाइफ जॅकेट असतं. सनस्क्रीन पाण्यात मिसळू नये म्हणून आत उतरण्याआधी अंघोळ करायला लावतात. आतल्या बुडालेल्या गुहांत डायव्हिंग करणारे तिथेही मरतात, पण वर तरंगणाऱ्या साध्या पर्यटकाला त्या गुहांशी देणंघेणं नसतं.

आपला डोह वेगळा कसा?

सातपुड्याची गाविलगड रांग बेसाल्टची, म्हणजे थंड झालेल्या लाव्हाची आहे. आपला काळा पाषाण तोच. चुनखडीसारखा तो पाण्यात विरघळत नाही. त्यामुळे आपल्याकडे कुंड तयार होतं ते विरघळून नव्हे, तर मार खाऊन.

लाव्हाचे थर एकावर एक बसलेले असतात. एखादा थर टणक, त्याखालचा भुसभुशीत. धबधबा टणक थरावरून पडतो आणि खालचा मऊ थर खणत जातो. पाण्यासोबत आलेले गोटे भोवऱ्यात गरगर फिरतात आणि खडकाला गिरमिटासारखं भोक पाडतात. त्यालाच रांजणखळगा म्हणतात. निघोजला कुकडी नदीत ते उघडे दिसतात, म्हणून लोक फोटो काढायला जातात. आपल्या डोहांत असे खळगे पाण्याखाली असतात, म्हणून दिसत नाहीत.

याचा पहिला परिणाम असा की तळ सपाट नसतो. एक पाऊल गुडघाभर पाण्यात आणि पुढचं पाऊल दोन पुरुष खोल, हे डोहात सहज होतं. ‘पोहता येत नव्हतं, पण काठावरच उभा होता’ अशा घटनांचं उत्तर यात आहे.

दुसरा परिणाम धबधब्याच्या पायथ्याशी. पडणारं पाणी हवा घेऊन खाली जातं. ते पांढरं, फेसाळ पाणी साध्या पाण्यापेक्षा हलकं असतं. आर्किमिडीज शाळेत शिकलेला प्रत्येक जण पुढचं सांगू शकेल : पाणी हलकं झालं की ते शरीराला कमी उचलून धरतं. चांगला पोहणारासुद्धा तिथे खाली जातो. आणि खाली गेल्यावर पाणी त्याला बाहेर सोडत नाही, कारण पायथ्याशी ते उभं गोल फिरत असतं. वर आणतं, पुन्हा धबधब्याखाली ओढतं. इंजिनिअरिंगला फ्लुइड मेकॅनिक्सच्या पुस्तकात बंधाऱ्याखालच्या अशाच उसळीचं चित्र असतं. परीक्षेत ते पाच मार्कांना येतं, त्यात माणूस काढलेला नसतो.

खणला गेलेला मऊ थर आत पोकळी ठेवतो, ही तिसरी गोष्ट. वर टणक खडकाची कड आणि खाली कपार. पुरात वाहून आलेल्या फांद्या तिथे अडकून बसतात. बुडालेल्या माणसाला शोधायला तास न् तास लागतात, याचं एक कारण या कपारी आहेत.

चौथी गोष्ट मला सगळ्यात भीतीदायक वाटते. डोंगरावर मातीचा थर पातळ. पाऊस मुरायला जागा कमी, उतार जास्त. वरच्या अंगाला जोराचा पाऊस झाला की पाणी सरळ ओढ्यात. खाली डोहावर ऊन असतं, लोक सेल्फी घेत असतात आणि लोंढा येतो. तो येण्याआधी खुणा मात्र देतो. नितळ पाणी अचानक गढूळ होतं, पालापाचोळा आणि काटक्या वाहत येऊ लागतात, आवाज वाढतो. यातलं एकही दिसलं तर चप्पल-बॅग शोधत बसू नका. प्रवाहाच्या दिशेने धावू नका. आडवे निघा आणि काठाच्या वर चढा.

आणि हो, मगरी

मेळघाटात सिपना, खापरा, गाडगा, डोलार, खंडू अशा नद्या आहेत. सेमाडोहच्या नावातच डोह आहे. ही सगळी नदीपात्रं व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातून जातात. १९७३-७४ मध्ये देशात जे पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प झाले, त्यांत मेळघाट होता. उन्हाळ्यात बारमाही पाणी राहतं ते याच डोहांत. तेव्हा डोहावर हक्क आधी कुणाचा, हे वेगळं सांगायला नको.

एक माहिती मात्र बहुतेक पर्यटकांना नसते. मार्च १९९० आणि फेब्रुवारी १९९१ मध्ये गुगामल राष्ट्रीय उद्यानात ढाकणा-कोलकाझ भागातल्या सिद्धू कुंडात पद्धतशीरपणे मगरी सोडण्यात आल्या. म्हणजे ‘मस्त नैसर्गिक पूल आहे’ म्हणून ज्याचे फोटो टाकायचे, तो कुणाचं तरी घर म्हणून राखलेला असू शकतो. जंगलातल्या हद्दीत परवानगीशिवाय गाडीतून उतरणं हा वन्यजीव कायद्याचा भंग आहे, ही पुढची गोष्ट.

अकोला-बुलडाणा सीमेवर वान नदीकाठी वारी हनुमान हे देवस्थान आहे. तिथला मामा-भाचा डोह पंचक्रोशीत माहीत नाही असा माणूस सापडणार नाही. नाव ऐकूनच अंदाज येतो. दर्शनाला आलेली पोरं अंघोळीला उतरतात आणि बातमी होते. फलक असतो, गावकरी ओरडतात, तरी पुढच्या वर्षी तेच. मोठी माणसं पोरांना ‘तिकडं नको जाऊ बाप्पा’ म्हणतात ते उगीच नाही. बाहेरगावच्या पोरांना असं म्हणणारं कुणी सोबत नसतं.

मग पाहायचं काय? भरपूर आहे. उलट डोहाच्या नादात आपण जे बघायला हवं ते सोडून येतो.

गाविलगड : वॉटर्लूच्या आधीचा वेलिंग्टन

चिखलदरा गावापासून गाविलगड दोन-तीन किलोमीटरवर आहे. तरी शंभर पर्यटकांतले किती जण दिल्ली दरवाज्यापर्यंत जातात? बरेच जण फाटकापाशी मका खाऊन परततात.

डोंगरावर गुरं राखणाऱ्या गवळ्यांवरून गडाला नाव पडलं, असं सांगतात. बहमनी सुलतान अहमदशाह वली याने १४२५ च्या सुमारास इथे पक्का किल्ला बांधला. त्यानंतर फतहुल्ला इमाद-उल-मुल्क आला. विजयनगरच्या प्रदेशातला हा कन्नड मुलगा युद्धात पकडला गेला, बहमनी चाकरीत वाढला, वऱ्हाडचा सुभेदार झाला आणि १४९० मध्ये स्वतंत्र होऊन इमादशाही स्थापन केली. राजधानी एलिचपूर, म्हणजे आजचं अचलपूर. दख्खनच्या पाच शाह्यांतली वऱ्हाडची ही एक शाही. शाळेच्या पुस्तकात तिच्या वाट्याला एखादी ओळ येते. इथे मात्र दिल्ली दरवाज्यावर तिची शिल्पं अजून दिसतात : वाघ-सिंहासारखे शरभ, आणि हत्तींना पंजात धरणारा दोन डोक्यांचा गंडभेरुंड पक्षी. कर्नाटकातली ही राजमुद्रा सातपुड्याच्या टोकावर कशी आली, याचं उत्तर फतहुल्लाच्या जन्मगावाकडे बोट दाखवतं, असं मला तरी वाटतं.

या गडाची सगळ्यात मोठी लढाई १८०३ ची. २९ नोव्हेंबरला आजच्या अकोला जिल्ह्यातल्या अडगावच्या मैदानात आर्थर वेलस्लीने नागपूरकर भोसल्यांच्या फौजेचा पराभव केला. उरलेली फौज गाविलगडावर गेली. गडाच्या दक्षिणेला सरळ कडा, तिकडून चढणं अशक्य. फक्त उत्तरेला एका सोंडेने तो पठाराला जोडलेला. म्हणून कर्नल स्टीव्हन्सनच्या तुकडीने अवजड तोफा डोंगरातून, वाट करत करत, मागच्या बाजूला नेल्या. १५ डिसेंबरला बाहेरच्या तटाला पडलेल्या खिंडारातून सैन्य आत घुसलं. पण आत दुसरा तट होता आणि मध्ये दरी. शेवटी कॅप्टन कॅम्पबेलच्या माणसांनी शिड्या लावून आतला तट ओलांडला आणि दार उघडलं. किल्लेदार बेनीसिंग लढताना मारला गेला. दोन दिवसांनी, १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला.

हाच वेलस्ली पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ मध्ये त्याने वॉटर्लूवर नेपोलियनला हरवलं. इंग्लंडमध्ये अनेकांना गाविलगड माहीत आहे तो बर्नार्ड कॉर्नवेल यांच्या ‘शार्प्स फोर्ट्रेस’ या कादंबरीमुळे. १९९९ ची ही कादंबरी पूर्णपणे याच वेढ्यावर बेतलेली आहे. लंडनचा वाचक कल्पनेने ज्या तटावर चढतो, तो आपल्याला ऐंशी-पंचाऐंशी किलोमीटरवर आहे.

गडावर फिरताना दोन तटांमधली ती दरी स्वतः पाहा. पुस्तकात वाचून ती कळत नाही. आणि तलाव पाहा. डोंगरमाथ्यावर फौज, हत्ती, घोडे ठेवायचे तर पाणी हवंच. ते पावसाचंच अडवलेलं.

नरनाळा : डोंगरावरची प्लंबिंग

पाण्याच्या दृष्टीने त्याहून सरस किल्ला अकोल्याकडचा आहे. अकोटहून शहानूर गाव, तिथून वनविभागाच्या फाटकावर नोंद करून वर. नरनाळ्याची उंची समुद्रसपाटीपासून साधारण ९७० मीटर. मुख्य गडाला जाफराबाद आणि तेलियागड हे दोन उपगड जोडलेले आहेत. महाकाली दरवाजा तर महाराष्ट्रातल्या देखण्या दरवाज्यांत मोजावा असा. पंधराव्या शतकाच्या अखेरीस फतहुल्लानेच तो बांधला. कोरीव कमळं, झरोके, अरबी लिपीतले लेख. सकाळच्या तिरप्या उन्हात पोहोचलात तर कोरीवकाम उठून दिसतं.

वर अनेक तलाव आहेत आणि त्यांतले काही बारमाही. गडाच्या उतारावर पडलेला पाऊस वाया जाऊ नये म्हणून चर आणि पाटांची व्यवस्था होती, तिचे अवशेष दिसतात. पण खास गोष्ट म्हणजे झाकलेली दगडी टाकी. वर सपाट ओटा, त्याला पोहरा जाईल एवढीच भोकं. बाष्पीभवन कमी, कचरा पडत नाही, पाणी थंड राहतं.

आता युकातानकडे वळा. तिथे उश्मल नावाचं मायांचं मोठं नगर आहे, पण त्याच्याजवळ सिनोटे नाही. मग त्यांनी काय केलं? जमिनीत बाटलीच्या आकाराची टाकी खणली, आतून गिलावा केला, वर लहान तोंड ठेवलं आणि अंगणाला उतार देऊन पाऊस त्यात सोडला. त्यांना ‘चुलतून’ म्हणतात. पंधरा हजार किलोमीटर अंतर, एकमेकांची गंधवार्ता नाही, आणि उत्तर जवळजवळ एकच. सिनोटे ही निसर्गाने दिलेली सोय होती. चुलतून आणि नरनाळ्याचं टाकं ही माणसाने डोकं लावून केलेली. इंजिनिअर म्हणून मला दुसरी गोष्ट जास्त आवडते.

गडावरून दक्षिणेला पाहिलं तर पूर्णेचं खोरं पसरलेलं दिसतं. तो खारपाणपट्टा. अकोला, अमरावती, बुलडाण्यातल्या शेकडो गावांत विहिरीला लागतं ते खारं पाणी. युकातानातही गोड भूजलाच्या खाली समुद्राचं खारं पाणी असतं, पण तिथे गोडं पाणी वर तरंगतं आणि लोकांना मिळतं. इथली कारणं वेगळी आहेत आणि पिणाऱ्याला पर्याय कमी. किल्ल्यावर सहाशे वर्षांपूर्वी गोडं पाणी साठवलं आणि पायथ्याच्या गावांत आज नळयोजनेची वाट पाहतात, हे दृश्य एकाच जागेवरून दिसतं.

अचलपूर, परतवाडा, चिखलदरा : परक्यांची गावं

युकातानची राजधानी मेरिदा. १५४२ मध्ये स्पॅनिशांनी ती माया नगराच्या जागी, त्याचेच दगड वापरून वसवली. इथामल गावात तर मायांच्या उंच चौथऱ्यावरच मठ उभा आहे. आपल्याकडे इंग्रजांनी असं केलं नाही. त्यांनी जुनं गाव तसंच ठेवलं आणि शेजारी नवं मांडलं. अचलपूर आणि परतवाडा ही जोडी त्याचं सुरेख उदाहरण आहे.

अचलपूरमध्ये नबाबांच्या काळातला तट, दुल्हा दरवाजा, रहमान शाह यांचा दर्गा आणि गावाबाहेर हौज कटोरा. तळ्याच्या मधोमध बांधलेला हा अष्टकोनी मनोरा बहमनी काळातला मानला जातो. सप्टेंबरात गेलात तर आजूबाजूच्या हिरवाईत तो फार देखणा दिसतो. फलक फारसे नाहीत, विचारत जावं लागतं. परतवाडा ही हैदराबाद कंटिन्जंटची छावणी. रस्ते सरळ, प्लॉट मोठे, बंगले मागे. दोन गावांत फक्त बिच्छन-सापन नद्यांचा परिसर, पण मांडणीत दोन शतकांचा फरक. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला. एलिचपूर हा काही काळ स्वतंत्र जिल्हा होता, १९०५ मध्ये तो अमरावतीत विलीन झाला.

छावणीतल्या गोऱ्यांना वऱ्हाडचं मे महिन्याचं ऊन सोसेना. १८२३ मध्ये कॅप्टन रॉबिन्सन चिखलदऱ्याला पोहोचला आणि सुमारे ११०० मीटर उंचीवरचं हे पठार त्यांचं आरोग्यधाम झालं. जवळच्या मरियमपूरला मिशनरी आले, त्यांच्यासोबत कॉफी आली. आजही इथे कॉफीची झुडपं आहेत. पर्यटक मात्र गवळ्यांची रबडी खाऊन जातात आणि त्यात काही चूक नाही. भीमाने कीचकाला मारून दरीत टाकलं आणि भीमकुंडात हात धुतले, म्हणून कीचकदरा, त्याचा चिखलदरा, ही कथा तर सर्वांना पाठ आहे. भीमकुंड वरून, कठड्याच्या आतून पाहा. भीमाची गोष्ट वेगळी होती.

केतकीची रूळगाडी आणि कापसाची शकुंतला

तुलनेतली ही शेवटची जागा मला सर्वांत जास्त टोचते.

एकोणिसाव्या शतकात युकातान श्रीमंत झाला तो केतकीच्या जातीतल्या एका वनस्पतीच्या धाग्यावर. हेनेकेन तिचं नाव. दोरखंडांसाठी जगभर मागणी, म्हणून तिला ‘हिरवं सोनं’ म्हणत. मेरिदाचे देखणे वाडे त्याच पैशाचे, आणि राबले ते माया मजूर. वऱ्हाडात त्याच काळात ‘पांढरं सोनं’ होतं. अमेरिकेतल्या यादवीत, १८६१ ते १८६५ या काळात तिथला कापूस बंद झाला आणि लँकेशायरच्या गिरण्यांनी वऱ्हाडकडे मोर्चा वळवला. १८६७ पर्यंत मुंबईची रेल्वे अकोला, बडनेरा मार्गे नागपूरला पोहोचली. मग फाटे फुटले. त्यातला एक म्हणजे यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर नॅरोगेज, आपली ‘शकुंतला’. मूर्तिजापूर-अचलपूर हा भाग ७६ किलोमीटरचा. १९२१ मध्ये मँचेस्टरमध्ये बनलेलं वाफेचं इंजिन १९९४ पर्यंत ही गाडी ओढत होतं. मालकी कुठवर ब्रिटिश वळणाच्या खासगी कंपनीची राहिली, हा तर वेगळ्या लेखाचा विषय. आता गाडी बंद आहे. रुळांवर गवत आहे आणि ती पुन्हा सुरू करा, अशी मागणी दर काही महिन्यांनी होते.

हेनेकेनच्या मळ्यांतही छोटे रूळ होते. धंदा बुडाला, रूळ राहिले. कुसामा भागातल्या गावकऱ्यांनी त्या रुळांवर घोड्याने ओढायच्या लाकडी गाड्या चालवल्या आणि पर्यटकांना सिनोटेंपर्यंत नेऊ लागले. सरकारनेही डिसेंबर २०२३ मध्ये ‘त्रेन माया’ ही सुमारे दीड हजार किलोमीटरची रेल्वे सुरू करायला घेतली. ती आदर्श आहे असं नाही. जंगल तुटलं, सिनोटेंच्या गुहांत खांब ठोकले गेले, म्हणून तिथे मोठा विरोध झाला.

आपल्याकडेही अकोला-खंडवा मीटरगेजचं रुंदीकरण मेळघाटातून न्यायचं की नाही, यावर वर्षानुवर्षं वाद झाला. धूळघाटजवळ रूळ स्वतःलाच वळसा घालून चढतात, ती जागा याच जुन्या मार्गावरची. अखेर वाघांच्या जंगलाबाहेरून वळसा घेणारा मार्ग ठरला. अकोला-अकोट ब्रॉडगेज २०२२ मध्ये सुरू झाली. तो निर्णय मला बरोबर वाटतो. पण शकुंतलेचा मार्ग कुठल्याही व्याघ्र प्रकल्पातून जात नाही. मूर्तिजापूरला मुंबई-नागपूर गाडीतून उतरायचं, छोट्या गाडीने कापसाच्या शेतांतून अचलपूर गाठायचं आणि तिथून गड चढायचा, यात अशक्य काय आहे?

एक जुळणी जी दगडातच आहे

लोणार बुलडाण्यात, पण वऱ्हाडातच. उल्का आदळून बेसाल्टमध्ये झालेलं सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं हे विवर. पूर्वी त्याचं वय पन्नास हजार वर्षं मानत, नंतरच्या मोजणीत ते पावणेसहा लाखांच्या आसपास आलं. तळ्याचं पाणी साबणासारखं अल्कधर्मी, पोहण्याचा प्रश्नच नाही. काठावरची धार मात्र गोड्या पाण्याची.

युकातानचं विवर यापेक्षा शंभर पट रुंद. चिक्शुलूब त्याचं नाव, व्यास सुमारे १८० किलोमीटर. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी पडलेल्या ज्या अशनीमुळे डायनोसॉर संपले असं मानतात, त्याचंच ते. विवर जमिनीखाली गाडलं गेलं आहे. पण नकाशावर सिनोटे मांडले की शेकडो सिनोटे एका कमानीत रांगेने दिसतात. ती कमान म्हणजे गाडलेल्या विवराची कड. १९९०च्या सुमारास उपग्रहचित्रं पाहताना संशोधकांच्या हे लक्षात आलं.

आणि अशनी पडली त्याच भूवैज्ञानिक काळात दख्खनमध्ये लाव्हाचे थर ओतले जात होते. गाविलगडाचा कडा, नरनाळ्याची टाकी, मामा-भाच्याचा डोह हे सगळं त्या लाव्हाचं. म्हणजे त्यांचे सिनोटे आणि आपले डोह, दोन्हींची मुळं पृथ्वीच्या एकाच उलथापालथीच्या काळात जातात. फक्त त्यांच्या वाट्याला विरघळणारा दगड आला, आपल्या वाट्याला न विरघळणारा.

जायचं कसं, आणि कुणी बुडताना दिसलं तर?

अमरावतीहून परतवाडा पन्नास किलोमीटरच्या आसपास, तिथून घाट चढून चिखलदरा. पहिला दिवस अचलपूर आणि गाविलगडाला द्या, रात्री चिखलदरा. दुसऱ्या दिवशी अंजनगावमार्गे अकोट आणि नरनाळा. परतताना अकोल्याहून पंचवीसेक किलोमीटरवरचा बाळापूर किल्ला जमला तर बघा. मन आणि म्हैस नद्यांच्या संगमावरचा हा विटांचा किल्ला औरंगजेबाचा मुलगा आझमशाह याने सुरू केला आणि एलिचपूरच्या नबाबाने १७५७ मध्ये पुरा केला. जवळच नदीकाठी मिर्झाराजे जयसिंग यांची छत्री आहे. १५ ऑगस्टच्या आठवड्यात चिखलदऱ्याचा घाट गाड्यांनी तुंबतो. ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम : झरे अजून वाहत असतात, तटावरचं शेवाळ वाळलेलं असतं.

डोहाकाठी कुणी बुडताना दिसलं तर मागोमाग उडी मारू नका. एकाला वाचवायला दुसरा आणि दुसऱ्याला वाचवायला तिसरा, अशाच घटनांत एका घरातले दोन-तीन जण जातात. दोर, ओढणी, लांब फांदी, झाकण लावलेला रिकामा पाण्याचा कॅन, जे तरंगेल ते फेका. स्वतः काठावर आडवे पडून ओढा. ११२ वर फोन करा, रुग्णवाहिकेसाठी १०८. जंगलात रेंज नसते, म्हणून एकाला लगेच गावाकडे पाठवा.

बाहेर काढलेल्या माणसाला उलटं धरून किंवा पोट दाबून पाणी काढण्यात वेळ घालवू नका. पोटातलं पाणी हा प्रश्नच नसतो, मेंदूला प्राणवायू मिळत नाही हा असतो. श्वास थांबला असेल तर त्याला पाठीवर झोपवा, हनुवटी वर करा, नाक चिमटीत धरून तोंडाने आधी श्वास द्या. मग छातीच्या मधोमध जोरात आणि भरभर दाब द्या, तीस दाब, दोन श्वास. मदत येईपर्यंत थांबू नका. शुद्धीवर आला तरी दवाखान्यात न्याच, कारण फुफ्फुसात गेलेलं पाणी काही तासांनी त्रास देऊ शकतं.

आणि पोहायचंच असेल तर जीवरक्षक असलेला शहरातला तरणतलाव गाठा. रील तिथेही निघते.